नावाची किंमत

पडद्यावरचा काउबॉय लुटारूंपासून बँक वाचवतो. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला तो आवडला नाही तरच नवल! पण या घोडेस्वारांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो विल्यम बॉइड, आणि तोही पडद्याबाहेर केलेल्या एका व्यवहारामुळे.

चित्रपट बोलू लागला तेव्हा प्रश्न पडला, उघड्या माळरानावर आवाज टिपायचा कसा? १९२९च्या आरंभी ‘इन ओल्ड अ‍ॅरिझोना’ अमेरिकेत सर्वत्र झळकला आणि शंका मिटली. मग तासाभराच्या स्वस्त वेस्टर्नपटांचे पीकच आले. जीन ऑट्री गात गात मोठा झाला. जॉन वेनने तर १९३९च्या ‘स्टेजकोच’पर्यंत बरीच वर्षे अशाच चित्रपटांत काढली.

बॉइड हा मूकपटांतला नावाजलेला नट. १९३१मध्ये त्याच्याच नावाच्या दुसऱ्या नटाला अटक झाली आणि वृत्तपत्रात छायाचित्र छापले गेले ते याचे! हातचे काम गेले. नाव गेले ते वेगळेच.

१९३५मध्ये त्याला हॉपलाँग कॅसिडीची भूमिका मिळाली. क्लॅरेन्स मलफर्डच्या कथांतला कॅसिडी रांगडा, शिवराळ, लंगडत चालणारा. बॉइडने त्याचा निर्व्यसनी, सभ्य गृहस्थ केला. कपडे काळे, घोडा मात्र पांढरा. कादंबरीकार म्हणून मला मलफर्डची बाजूही कळते. आपले पात्र परक्या घरून न्हाऊनमाखून परत आले, तर ओळखायचे कसे?

१९४८पर्यंत कॅसिडीचे ६६ चित्रपट झाले आणि मागणी ओसरली. तेव्हा पन्नाशी उलटलेल्या बॉइडने आपली जमीनजुमला विकून त्या पात्राचे आणि जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले. असा कर्जाचा अर्ज टेबलावर आला असता, तर कोणत्याही शाखाधिकाऱ्याने कपाळाला हात लावला असता. पण १९४९मध्ये ते चित्रपट अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर आले आणि घराघरांतली मुले वेडी झाली. पुढच्याच वर्षी शाळकरी मुलांच्या जेवणाच्या डब्यांवरही कॅसिडी आला. प्रत्येक वस्तूमागे पैसा येत होता, आणि तो बॉइडकडे.

लोक याला नशीब म्हणतील. मला त्यात वेगळेच दिसते. दुसऱ्याच्या गुन्ह्यापायी स्वतःचे नाव गमावलेल्या माणसाला नावाचे मोल कळले होते. म्हणून दुसरे नाव मिळाले तेव्हा ते त्याने भाड्याने वापरले नाही, रोख मोजून आपले केले. आमच्या बँकेच्या भाषेत यालाच पत म्हणतात.