म्हशींच्या यकृतातील पर्णकृमी



दुभती म्हैस अकस्मात दगावली, तर घरावर संकट कोसळल्यासारखे होते. परंतु तीच म्हैस दिवसेंदिवस रोडावत गेली, दूध थोडे थोडे आटले, वेत लांबले, तर तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कोणी पेंडीला बोल लावतो, कोणी दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकतो. अशा कित्येक म्हशींच्या दुखण्याचे मूळ त्यांच्या यकृतात, म्हणजे काळजात, दडलेले असते. यकृतातील पर्णकृमी, ज्याला पशुवैद्य ‘लिव्हर फ्लूक’ म्हणतात, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

हा कृमी झाडाच्या पानासारखा चपटा असून आपल्याकडील उष्ण हवेत आढळणारी त्याची जात तीन ते सात सेंटीमीटर लांब असते. पित्तनलिकांत ठाण मांडून तो रोज हजारो अंडी घालतो. ती अंडी पित्ताबरोबर आतड्यात व तेथून शेणावाटे बाहेर पडतात. शेण कोरड्या जागी पडून वाळले, तर अंडी मरून जातात. ते पाण्यात पडले, तर मात्र सुमारे दोन आठवड्यांत अंड्यांतून डोळ्यांना न दिसणारे डिंभ निघतात. या डिंभाला एका दिवसाच्या आत विशिष्ट जातीची पाणगोगलगाय गाठावी लागते. ती न भेटली, तर तो मरतो. भेटली, तर तिच्या शरीरात दीड-दोन महिने वाढून एकाचे शेकडो होतात, आणि बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला व भाताच्या बुडख्यांना चिकटून कोशात स्वस्थ बसतात. म्हशीने ते गवत खाल्ले, की कोश आतड्यात फुटतो. कोवळा कृमी आतड्याची भिंत भेदून यकृत पोखरत जातो आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा अंडी घालू लागतो.

हे गूढ रहस्य जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडात थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १८८१ ते १८८३ या काळात स्वतंत्रपणे उलगडले. त्यांच्या शोधाचे व्यावहारिक सार एवढेच, की शेण, पाणी, गोगलगाय आणि गवत या साखळीची एक कडी तोडली, तरी रोग थांबतो.

आता आपल्या पेडणे व डिचोली तालुक्यांकडे पाहा. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, डोंगरउतारावरून येणारे ओहोळ, सखल मळ्यांत साचणारे पाणी, गावागावांतील तळी आणि पावसाळ्यानंतर ओलिताखाली घेतले जाणारे वायंगण! खाऱ्या पाण्यात ही गोगलगाय टिकत नाही. त्यामुळे खाडीकाठच्या खाजणांपेक्षा गोड्या पाण्याच्या या जागांकडेच अधिक लक्ष द्यावयास हवे. तिळारीच्या कालव्यांचे पाणी या तालुक्यांत आले, हे शेतीला वरदानच होय. परंतु जेथे पाट पाझरतो आणि बारमाही दलदल राहते, तेथे गोगलगाईलाही बारमाही घर मिळते. त्यात म्हैस हा पाण्यात डुंबणारा प्राणी. ती तळ्यातच शेण टाकते, तेथलेच पाणी पिते आणि काठचेच गवत खाते. साखळीच्या साऱ्या कड्या तिच्या पायाशीच जुळतात.

रोगाची लक्षणे सावकाश दिसतात. भूक मंदावते, केस राठ होतात, डोळ्यांची आतील त्वचा फिकी पडते, कधी पातळ शेण होते. पुढे जबड्याखाली पाणी साचून मऊ सूज येते. दूध घटते, माजावर येणे लांबते, रेडके खुरटतात. मात्र याच खुणा इतर रोगांतही दिसतात. म्हणून अंदाजाने औषध न पाजता ताजे शेण दवाखान्यात नेऊन तपासून घ्यावे. लागण नवी असेल, तर शेणात अंडी सापडत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. रोगी म्हशीचे दूध प्याल्याने हा रोग माणसाला होत नाही. परंतु पाण्यातील पालेभाजी कच्ची खाल्ल्यास तो माणसालाही होऊ शकतो.

पूर्वी यावर कार्बन टेट्राक्लोराइडसारखे जहाल द्रव्य देत. आज ऑक्सिक्लोझानाइड, ट्रायक्लाबेंडाझोल यांसारखी औषधे उपलब्ध आहेत. पहिले औषध मुख्यतः प्रौढ कृमींवर चालते, तर दुसरे कोवळ्या कृमींवरही. कोणते, किती व केव्हा द्यावयाचे, गाभण म्हशीला चालेल काय, आणि औषधानंतर किती दिवस दूध वापरावयाचे नाही, हे पशुवैद्यानेच ठरवावे. साधारणतः पावसाळ्यापूर्वी एकदा औषध दिल्यास अंडी पाण्यात जाणे टळते. पावसाळा सरल्यावर दिलेली मात्रा नव्या लागणीला आवर घालते. औषधांचा वारेमाप वापर मात्र घातक होय. ट्रायक्लाबेंडाझोलला दाद न देणारे कृमी ऑस्ट्रेलियात १९९५ सालीच आढळले.

पण नुसत्या औषधाने भागत नाही. आज निरोगी झालेली म्हैस उद्या त्याच काठावर चरली, तर पुन्हा रोगी होते. म्हणून गोठ्याचे शेणपाणी थेट तळ्यात वा मळ्यात सोडू नये. शेण खड्ड्यात नीट कुजवावे, म्हणजे त्यातील उष्णतेने अंडी नष्ट होतात, किंवा शेणी थापून वाळवाव्यात. इंडोनेशियातील अभ्यासांत गोठ्यालगतची, शेणपाणी मिळणारी भातखाचरेच लागणीचे मोठे ठिकाण ठरली. तेव्हा कापणीनंतर अशा खाचरांत गुरे सोडू नयेत. ओला पेंढा न घालता कडक उन्हात वाळवूनच उडवी रचावी. पिण्याचे पाणी विहिरीतून काढून द्रोणीत द्यावे. पाझरणारे पाट दुरुस्त करावे, दलदलीला चर काढावे. बदके गोगलगाई आवडीने खातात, म्हणून तीही पाळावीत. मोरचुदाने गोगलगाई मरतात खऱ्या, परंतु त्याबरोबर मासेही मरतात. तेव्हा तळ्यात तो टाकण्याच्या फंदात पडू नये.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तळे साऱ्या वाड्याचे असते. एकाने आपल्या म्हशीला औषध दिले आणि शेजाऱ्याची म्हैस पाण्यात अंडी टाकीतच राहिली, तर पहिल्याचा खर्च वाया जातो. म्हणून वाड्यातील सर्वांनी एकाच वेळी शेण तपासून घ्यावे, एकाच आठवड्यात औषध द्यावे आणि काठाचा काही भाग चराईला बंद ठेवावा. ज्या घराचा रोजचा खर्च दोन म्हशींच्या दुधावर चालतो, त्या घराला हा एकोपा फार मोलाचा ठरेल. मृग निघण्यापूर्वीच वाड्यात ही गोष्ट बोलून ठेवा.