दुरुस्ती झाली, तरी जुनीच फाइल का दिसते?

परीक्षेचे वेळापत्रक संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. दोन दिवसांनी त्यातील चूक लक्षात येते आणि दुरुस्त पीडीएफ त्याच नावाने, त्याच जागी ठेवली जाते. तरीही काही विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर जुनेच वेळापत्रक उघडत राहते. अशा वेळी दोष बहुधा विद्यार्थ्यांचा नसतो. तो सर्व्हरने फाइलसोबत धाडलेल्या सूचनांचा असतो.

ब्राउझरने फाइल मागितली, की सर्व्हर तिच्याआधी काही ओळींची माहिती पाठवतो. या ओळींना ‘रिस्पॉन्स हेडर’ म्हणतात. ‘कंटेंट-टाइप’ हा हेडर फाइलचा प्रकार सांगतो. मजकुराच्या फाइलसाठी त्यात ‘यूटीएफ-८’ऐवजी भलतीच संकेतप्रणाली नोंदली गेली, तर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. ‘कंटेंट-डिस्पोझिशन’वरून फाइल पडद्यावर उघडायची की उतरवून घ्यायची, हे ठरते. प्रत किती काळ जपायची, हे सांगतो ‘कॅश-कंट्रोल’. त्यात ‘मॅक्स-एज’ ६०४८०० सेकंद असेल, तर ब्राउझर सात दिवस सर्व्हरला न विचारता जवळची प्रत दाखवू शकतो.

वारंवार बदलणाऱ्या फाइलींसाठी येथे ‘नो-कॅश’ हे मूल्य योग्य ठरते. नाव फसवे आहे. प्रत ठेवू नका, असा त्याचा अर्थ नाही. ती दाखवण्यापूर्वी सर्व्हरला विचारा, असा आहे. फाइल बदललेली नसेल, तर सर्व्हर ‘३०४’ एवढेच उत्तर देतो आणि संपूर्ण फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही. प्रत मुळीच साठवू द्यायची नसेल, तर ‘नो-स्टोअर’ वापरावे.

अपाची सर्व्हरवर ‘मॉड_हेडर्स’ हे मोड्यूल सुरू करून ‘हेडर सेट’ या आदेशाने असा हेडर जोडता येतो. एनजिनएक्सवर पीडीएफसाठी स्वतंत्र ‘लोकेशन’ विभाग करून त्यात ‘ॲड_हेडर’ लिहितात. मात्र येथे एक खाच आहे. आतल्या विभागात एक जरी ‘ॲड_हेडर’ लिहिला, तरी बाहेरच्या स्तरावरील हेडर त्या विभागाला एरवी लागू होत नाहीत. सुरक्षेसाठी लावलेले हेडर अशा वेळी नकळत गळून पडतात. ते आत पुन्हा लिहावे लागतात. ‘४०४’सारख्या त्रुटीच्या उत्तरासोबतही हेडर जावा असे वाटत असेल, तर शेवटी ‘ऑलवेज’ हा शब्द जोडावा.

बदल केल्यावर सर्व्हरची मांडणी तपासून ती पुन्हा लागू करावी. नंतर ब्राउझरच्या ‘नेटवर्क’ कक्षात प्रत्यक्ष कोणते हेडर आले, हे पाहावे.

तथापि, एक मर्यादा ध्यानात ठेवावी. नवा हेडर पुढच्या मागणीपासून लागू होतो. आधीच वाटल्या गेलेल्या प्रती तो परत बोलावू शकत नाही. छापून गेलेला अंक मागे घेता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून चूक तातडीची असेल, तर दुरुस्त फाइल नव्या नावाने ठेवून दुवा बदलावा. वेळापत्रकासारख्या फाइलींना ‘नो-कॅश’ मात्र पहिल्या दिवसापासूनच लावलेले असावे.