‘थर्टी-फोर्टी’ झालंय, मग टायपिंगला नापास का?

‘माझं मराठी थर्टी, इंग्लिश फोर्टी झालंय.’ तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही अभ्यासिकेत हे वाक्य कानावर येतं आणि बोलणाऱ्याने टायपिंगचा विषय मनातून काढून टाकलेला असतो. गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी यांच्यामागे रात्रीचा दिवस करणारी मुलं टायपिंगला शेवटचे दहा-पंधरा दिवस ठेवतात. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळवलेला उमेदवार दहा मिनिटांच्या चाचणीत यादीबाहेर गेला की फार वाईट वाटतं, कारण ते बहुतेक वेळा टाळता आलं असतं. बोटं कमी पडतात त्याच्या आधी माहिती कमी पडलेली असते.

सर्टिफिकेटपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा पास होऊन मिळणारं प्रमाणपत्र, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, ही राज्यातल्या लिपिक-टंकलेखक पदाची अर्हता आहे. अर्हता म्हणजे अर्ज करण्याची पात्रता. पूर्वी प्रमाणपत्र दाखवलं की काम भागत असे. आता महाराष्ट्र लोकसेवा आयोग लिपिक-टंकलेखक आणि कर सहायक या पदांसाठी संगणकावर स्वतंत्र टंकलेखन कौशल्य चाचणी घेतो. तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेली परीक्षा त्या दिवशी तुमच्या वतीने टाइप करायला येत नाही. केंद्राच्या भरतीत उलट स्थिती आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशन (एसएससी) किंवा रेल्वे भरती मंडळ टायपिंगच्या प्रमाणपत्राची अट घालत नाही, तिथे फक्त चाचणी असते. त्यामुळे निव्वळ एसएससीसाठी म्हणून कुणी सर्टिफिकेटचे पैसे मागत असेल तर ते देण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट मराठी मुलांना फार उशिरा कळते. एसएससीच्या टायपिंग चाचणीला मराठीचा पर्यायच नसतो. इंग्रजी किंवा हिंदी, एवढंच. त्यातलं एक अर्ज भरतानाच निवडायचं असतं.

‘३५ शब्द म्हणजे ३५ शब्द’

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एसएससीच्या सीएचएसएल या बारावी पातळीच्या परीक्षेत इंग्रजीसाठी ३५ आणि हिंदीसाठी ३० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो. जाहिरातीत त्याच्या शेजारीच तासाला १०,५०० आणि ९,००० की-डिप्रेशन असे आकडे दिलेले असतात. ३५ ला ६० ने गुणा, मग ५ ने गुणा, बरोबर १०,५०० येतात. म्हणजे परीक्षेच्या हिशेबात पाच वेळा कळ दाबली की एक शब्द झाला, मग उताऱ्यातला शब्द ‘इट’ असो की ‘ॲडमिनिस्ट्रेशन’. स्पेस बारही त्यात मोजला जातो. डेटा एंट्रीच्या बहुतेक पदांना तासाला ८,००० लागतात. सीजीएल या पदवी पातळीच्या परीक्षेतल्या डेटा एंट्री चाचणीत १५ मिनिटांत २,००० म्हणतात तो हाच वेग, आणि तो शब्दांत मोजला तर मिनिटाला २७ च्या आतच राहतो. ‘आठ हजार’ हा आकडा ऐकून घाबरणाऱ्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

देवनागरीत हा हिशेब बोटांना जास्त जाणवतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘मी’ लिहायला दोन कळा लागतात आणि ‘विद्यार्थ्यांना’ लिहायला पंधरा. व, इकार, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना. पाचच्या हिशेबात हा एकटा शब्द तीन शब्दांचा झाला. आता बोटांकडे पाहा. इन्स्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी ‘ई’च्या कळीवर आहे आणि हलन्त ‘डी’च्या. दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. पंधरापैकी सहा वेळा तेच बोट वर-खाली होतं. मराठी टाइप करताना डावं मधलं बोट का अवघडतं, त्याचं उत्तर इथे आहे. मी शिकणाऱ्यांना सांगतो की जोडाक्षरांचे शब्द वेगळे काढा आणि त्याच बोटाचा सराव रोज करा. हलन्ताची एक कळ निसटली की ‘विद्यार्थ्यांना’चा ‘विदयार्थ्यांना’ होतो आणि पंधरा कळांच्या मेहनतीचा आख्खा शब्द चुकीत जातो.

‘मोबाइलवर मराठी फास्ट येतं मला’

येत असेल. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’चं स्पेलिंग लिहून मराठी उमटवण्याची सवय आज सगळ्यांनाच आहे. परीक्षेच्या संगणकावर ती सोय मिळेल असं मात्र समजू नका. एसएससीच्या हिंदी चाचणीत मंगल फॉन्ट असतो आणि इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल यांतला एक लेआउट निवडायचा असतो. रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेत हिंदीसाठी कृतिदेव आणि मंगल हे फॉन्ट असतात. राज्यातल्या भरतीचा लेआउट त्या त्या जाहिरातीत किंवा चाचणीच्या सूचनांत लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय सरावाला बसणं म्हणजे चुकीच्या गाडीत वेळेवर चढणं.

इन्स्क्रिप्ट आणि रेमिंग्टन या दोन पद्धतींत फरक कुठे आहे, ते नीट समजून घ्यायला हवं. इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेला कळफलक. १९९१ मध्ये तो भारतीय मानकात आला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. अक्षर उच्चारतो त्या क्रमाने लिहायचं: ‘कि’साठी आधी क, मग इकार. रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरची पद्धत. तिथे अक्षर दिसतं त्या क्रमाने लिहायचं, म्हणून इकार आधी आणि क नंतर. रफारसुद्धा ज्या अक्षरावर दिसतो त्या अक्षरानंतर. ख, ध, भ, श, ण ही अक्षरं तिथे अर्ध्या अक्षराला काना जोडून तयार होतात. टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटं रेमिंग्टनवर बसलेली असतात, ती मोडायची गरज नाही. नव्याने शिकणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्ट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात देवनागरीसाठी एकच मांडणी आहे. मराठी इन्स्क्रिप्ट बसलं की हिंदीचा उतारा वेगळा शिकावा लागत नाही, आणि एसएससीला मराठी नाही ही अडचण निम्मी तिथेच सुटते.

फक्त मराठीची स्वतःची अक्षरं विसरू नका. इन्स्क्रिप्टमध्ये ळ शिफ्ट धरून ‘एन’वर आहे, ण शिफ्ट धरून ‘सी’वर. आणि ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतला ऱ साध्या र ने होत नाही. साधा र, हलन्त, य दाबलं की ‘दुसर्या’ उमटतं, रफार य च्या डोक्यावर बसतो. शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की हवा तो ऱ येतो, मग हलन्त, मग य. सरकारी मराठीत ‘येणाऱ्या’, ‘असणाऱ्या’, ‘अधिकाऱ्यांनी’ ओळीओळीला येतात. ही एक कळ माहीत नसलेला उमेदवार प्रत्येक परिच्छेदात त्याच जागी चुकतो.

‘आधी स्पीड, चुका नंतर आपोआप जातात’

चुका आपोआप जात नाहीत. ज्या बोटाला चुकीच्या कळीची सवय लागते ते वेग वाढल्यावर त्याच कळीवर आणखी वेगाने पडतं. रेल्वेच्या टायपिंग नियमात एकूण शब्दांच्या पाच टक्क्यांपर्यंतच्या चुका माफ असतात आणि त्यापुढच्या प्रत्येक चुकीमागे दहा शब्द कापले जातात. हिशेब मांडून पाहा. दहा मिनिटांत ३०० शब्द टाइप केले, म्हणजे इंग्रजीसाठी लागणारा ३० चा वेग बरोबर गाठला. पाच टक्के म्हणजे १५ चुका माफ. चुका १७ झाल्या तर वरच्या दोन चुकांचे २० शब्द गेले, उरले २८०, वेग २८. नापास. दोन चुकांनी. हाच उमेदवार ३०५ शब्द आणि दहा चुकांवर थांबला असता तर पास होता. ज्याने ३६० शब्द मारले पण चुका २५ केल्या, त्याच्या १८ चुका माफ, सात चुकांचे ७० शब्द वजा, उरले २९०. तोही गेला.

एसएससी चुकांचे पूर्ण आणि अर्धी असे प्रकार करते. शब्द गाळला, भलताच लिहिला किंवा उताऱ्यात नसलेला घातला की पूर्ण चूक. जागा जास्त सोडली किंवा सोडलीच नाही की अर्धी. दोन स्पेस देण्याची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

वेग आणि अचूकपणा यांचं वैर असतं ही समजूतही खरी नाही. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार लोकांचे १३.६ कोटी कीस्ट्रोक तपासले. जलद टाइप करणाऱ्यांच्या चुका संथ टाइप करणाऱ्यांपेक्षा कमी निघाल्या. चूक दिसणं, बॅकस्पेस दाबणं, पुन्हा लिहिणं यातच संथ माणसाचा वेळ जातो. म्हणून सरावात आधी चुका दोन-तीन टक्क्यांच्या आत आणाव्यात आणि मग मिनिटाला दोन-दोन शब्दांनी वर चढावं.

दहाही बोटं वापरलीच पाहिजेत का? याच विद्यापीठाच्या २०१६ च्या एका अभ्यासात कमी बोटांनी स्वतःच शिकलेले काही लोक दहा बोटांवाल्यांइतकेच जलद निघाले होते. पण त्यांची नजर वारंवार कळफलकाकडे जात होती. परीक्षेत समोरचा उतारा पाहून टाइप करायचं असतं. नजर खाली गेली की परत वर येऊन ओळ शोधावी लागते, आणि ओळ गाळण्याची चूक बहुधा त्याच क्षणी होते. त्यामुळे इथे तरी पद्धतशीर शिकण्याला पर्याय नाही.

‘लेखीचा निकाल लागला की सुरू करू’

एसएससीच्या बाबतीत हे आता शक्यच नाही. २०२२ च्या परीक्षांपासून सीएचएसएल आणि सीजीएलच्या टियर-२ मध्येच, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातच, टायपिंग किंवा डेटा एंट्रीची चाचणी होते. मधे निकालही नाही आणि महिनाभराची उसंतही नाही. 

निकालानंतर वेळ मिळाला तरी पंधरा दिवस रोज चार-चार तास बडवून काम होत नाही. इंग्लंडमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी चार गट केले होते: रोज एक तास, रोज दोन तास (दोन प्रकारे), रोज चार तास. १९७८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास कमी लागले. चार तासवाल्यांचे तास सर्वांत जास्त वाया गेले. गंमत म्हणजे एक तासवाला गटच आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होता, कारण दिवसांच्या हिशेबात त्यांना मागे पडल्यासारखं वाटत होतं. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना ही नाराजी ओळखीची वाटेल. पूर्वपरीक्षेचा अर्ज भरल्या दिवसापासून रोज पाऊण-एक तास दिला, तर मुख्य परीक्षेपर्यंत टायपिंगची काळजी उरत नाही.

तो तास एकाच उताऱ्यावर घालवू नये. दहाव्यांदा तोच उतारा मारला की वेग ४५ दिसतो, पण तो पाठांतराचा वेग असतो. कसलेला टायपिस्ट हात चालतात त्याच्या काही अक्षरं पुढे वाचत असतो. पुढची अक्षरं झाकून ठेवली तर त्याचा वेग एकदम कोसळतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. शब्दांचा क्रम उलटसुलट केला तर फारसं बिघडत नाही. शब्दातली अक्षरं विस्कटली की मात्र हात अडखळतात. म्हणजे हात ओळखीच्या शब्दांवर धावतात. मराठीसाठी शासन निर्णयांची भाषा घ्या: कार्यवाही, अधिनियम, तरतूद, प्राधिकरण, उपरोक्त, निदर्शनास. रोज नवा उतारा आणि रोज हे शब्द.

राहता राहिला ‘टायपिंग काय, क्वालिफाइंगच असतं’ हा दिलासा. एसएससी आणि रेल्वेत टायपिंगचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, हे खरं. त्याचा अर्थ एवढाच की इथे नापास झालेल्याला लेखीतले गुण वाचवू शकत नाहीत. न्यायालयांच्या लिपिक भरतीत तर टंकलेखनाला स्वतःचे गुण असतात, तिथे जेमतेम पास होणाराही मागे पडतो. दिव्यांग उमेदवारांना जादा वेळ किंवा सूट देण्याची तरतूद भरतीगणिक वेगळी असते, आणि तिच्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच द्यावं लागतं. ते शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.

कीबोर्डचंही एक सांगायला हवं. क्लासमधल्या खणखणीत मेकॅनिकल कीबोर्डवर हात बसलेला असेल तर परीक्षा केंद्रातला मऊ, खोल न जाणारा कीबोर्ड पहिली दोन मिनिटं परका वाटतो. शेवटचा महिना आठवड्यातून एकदा तरी सायबर कॅफेतल्या किंवा मित्राच्या वेगळ्या कीबोर्डवर उतारा मारून पाहावा. चाचणीच्या आधी सरावासाठी काही मिनिटं दिली असतील तर ती वेग तपासण्यात घालवू नका. त्या वेळात लेआउट आपण निवडलेलाच आहे ना, शिफ्ट-एनवर ळ उमटतो का, हलन्त नीट लागतो का, कॅप्स लॉक चालू राहिलेला नाही ना, एवढं पाहा. काही बिघाड दिसला तर उतारा सुरू होण्याआधीच हात वर करून पर्यवेक्षकांना सांगा. घड्याळ सुरू झाल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणं फार अवघड जातं.