बाबांनी फिरवलेलं बटण

24 सप्टेंबर 2025 ला कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा गेले. बेळगावच्या आमच्या घरात त्यांच्या कादंबऱ्यांची एक अख्खी फळी आहे. बहुतेक अनुवाद उमा कुलकर्णींचे, आणि उमाताई जन्मानं बेळगावच्याच. त्या संध्याकाळी 'वंशवृक्ष' हातात घेतलं आणि मनाला लागलं. याच कादंबरीवर बी. व्ही. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी केलेला चित्रपट माझी साठी आली तरी मी पाहिलेला नाही. राहून गेला असं नाही. पाहायचाच नाही, असं ठरलं होतं.

कारण सीमावाद. 1956 पासूनचं सगळं सांगत बसत नाही. महाजन अहवाल इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. माझं दशक ऐंशीचं. 1982 च्या, कन्नडसाठीच्या गोकाक आंदोलनात कन्नड नट राजकुमार पुढं आले आणि आमच्या गल्लीला त्यांचं पोस्टरही नकोसं झालं. मग 1986 उजाडलं. कन्नड सक्ती, सत्याग्रह, गोळीबार. त्या हुतात्म्यांचं स्मारक हिंडलग्यात आहे. दर 1 जूनला मी तिथं जातो आणि जात राहीन.

त्याच वर्षांत दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचे. एका रविवारी जेवणं आटपून आम्ही टीव्हीपुढं बसलो होतो. कृष्णधवल पडद्यावर नारळाची झाडं आली, पाठोपाठ कन्नड अक्षरं उमटली. बाबा उठले, खट्कन बटण फिरवलं आणि म्हणाले, "या घरात हे चालणार नाही." कुणी चकार शब्द काढला नाही. मलाही ते पटलंच होतं. हेच बाबा चार वर्षांपूर्वी 'उंबरठा' बघून आल्यावर कार्नाडांच्या कामाबद्दल आठवडाभर बोलत होते. मराठी बोलणारे कार्नाड आम्ही आपले मानले. 'संस्कार' या कन्नड चित्रपटातल्या त्यांच्याच प्राणेशाचार्याला मात्र उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

नव्वदीनंतर केबल आलं, एकपडदा थिएटरं एकेक करून मिटली. त्या वर्षांबद्दल लिहावं असं काही नाही.

भैरप्पा गेल्यावर शेजारच्या अक्कांना विचारलं, कन्नड चित्रपट बघायला सुरुवात कुठून करू? त्या म्हणाल्या, "आधी 'घटश्राद्ध' बघा की हो, मग बाकीचं." गिरीश कासरवळ्ळींचा 1977 चा सुवर्णकमळ विजेता चित्रपट, अनंतमूर्तींच्या कथेवरचा. 2024 मध्ये त्याची नव्यानं जतन केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. व्हेनिसला पोचलेला चित्रपट बेळगावात माझ्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली.

माझं कन्नड बाजारापुरतं, म्हणून अक्का शेजारी बसून अर्थ सांगत होत्या. वेदपाठशाळा चालवणाऱ्या उडुपांची विधवा मुलगी यमुना आणि तिच्यावर जीव लावणारा छोटा नाणी. यमुनाला दिवस जातात आणि बाप जिवंत लेकीचं श्राद्ध घालतो. शेवटी घरी परतणाऱ्या नाणीला ती झाडाखाली दिसते, केशवपन झालेली. तिथं अक्का गप्प झाल्या. अर्थ सांगायची गरजच नव्हती. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधल्या यमूचंही केशवपन बळजबरीनंच होतं. नावसुद्धा तेच. शाळकरी वयात तिच्यासाठी मी रडलो होतो, आणि ही दुसरी यमुना एवढी वर्षं माझ्याच राज्यात होती.

आज पाटीवर साठ टक्के कन्नड हवंच, असा कायदा आहे. मराठी चित्रपटाला गावात धड वेळेचा खेळ मिळत नाही. त्याचा राग आहे आणि मी तो गिळणार नाही. पण सक्ती करणाऱ्यांनी आमची शाळा आणि आमची पाटी हिसकावली, त्यात कासरवळ्ळी आणि कारंतही गेले, आणि हे दोघं आम्ही आपल्या हातानं जाऊ दिले. बाबा आता नाहीत. त्या रविवारी बंद केलेला चित्रपट कोणता होता, ते कळायचं राहिलंच.

पुढच्या रविवारी 'वंशवृक्ष' बघायचं ठरलंय. अक्कांनी कादंबरी कन्नडमध्ये वाचलीय, मी मराठीत. त्यातल्या पुनर्विवाह करणाऱ्या कात्यायनीचं चुकलं की नाही, यावर आमचं आत्ताच वाजलंय.