लंडनच्या पोटातलं लंडन

लंडनवरच्या काही अद्भुत कादंबऱ्यांतली जादू राजवाड्यात नसते. ती भुयारी रेल्वेच्या फलाटावर, गटारात, पडक्या घरांत सापडते. नील गेमनची ‘नेव्हरव्हेअर’ (१९९६) मुळात बीबीसीची मालिका. लंडनच्या बेघरांच्या टोळ्यांवर काही करावं, ही कल्पना विनोदी नट लेनी हेन्रीची. बेघरपणाला उगाच झगमगाट येईल या भीतीने गेमनने ती जमिनीखाली नेली. तिथे अर्ल्स कोर्टच्या नावाला जागून खरोखरच एक अर्ल भुयारी रेल्वेच्या डब्यात दरबार भरवतो आणि ब्लॅकफ्रायर्सला काळे जोगी राहतात. वर ऑफिसात जाणारा रिचर्ड एका जखमी मुलीला मदत करतो, आणि त्यानंतर तो कुणाच्या नजरेलाच पडत नाही. फुटपाथवरच्या माणसाचं रोजचं दुखणं हेच!

त्याच्या वीस वर्षं आधी मायकेल द लाराबेतीचे ‘बॉरिबल्स’ (१९७६) बॅटरसीत ठाण मांडून होते. ही घरातून पळालेली, टोकदार कानांची मुलं. पोलिसांनी पकडून कान कातरले की ती चारचौघांसारखी मोठी होऊ लागतात. मुलांसाठीचं म्हणून खपलेलं हे पुस्तक मला या यादीत सगळ्यांत धारदार वाटतं.

चायना मिएविलच्या ‘किंग रॅट’ (१९९८) मध्ये ‘जंगल’ नावाच्या क्लब संगीताच्या तालावर उंदीर आणि पुंगीवाला झुंजतात. बेन आरोनोविचच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये (२०११) थेम्स नदीची देवी नायजेरियातून आलेली, तिच्या लेकी म्हणजे लंडनच्या उपनद्या, काही शहराखाली गाडलेल्या.