पिल्लू गप्प आहे, म्हणजे बरे आहे का?

नसबंदीची शस्त्रक्रिया उरकून पिल्लू संध्याकाळी घरी आले की घरच्यांना दोनच गोष्टींची काळजी असते. त्याने विव्हळू नये आणि काहीतरी खावे. ते कण्हत राहिले तर रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. उलट कोपऱ्यात अंगाचे मुटकुळे करून गप्प पडले, तर ‘दमलेय बिचारे, झोपू द्या’ म्हणून दिवा मालवला जातो. पशुवैद्यकातल्या गेल्या तीन-चार दशकांच्या अभ्यासाकडे पाहिले तर ही अटकळ बरीचशी उलटी ठरते. पहिल्या काही तासांतले विव्हळणे बहुधा निरुपद्रवी असते आणि दुसऱ्या दिवशीची शांतता प्रसंगी जिवावर बेतू शकते. नसबंदी ही पशुवैद्यांच्या रोजच्या सरावातली शस्त्रक्रिया आहे, बहुतेक पिल्ले दोन-तीन दिवसांत पुन्हा चपला पळवू लागतात, हे खरेच. पण ज्या थोड्यांना त्रास होतो ती आवाजावरून ओळखू येत नाहीत. ती ओळखू येतात हिरड्यांच्या रंगावरून, अंगाच्या तापमानावरून, श्वासावरून आणि बसण्याच्या ढबीवरून.

आधी विव्हळण्याबद्दल. आपल्याकडच्या अनेक दवाखान्यांत भुलीसाठी केटामाइन आणि झायलाझिन ही जोडी वापरतात. जिथे सोय आहे तिथे आयसोफ्लुरेन वायू देतात. केटामाइनची भूल जराशी विचित्र असते. तिच्यात डोळे उघडे राहतात, स्नायू ताठ होतात, आणि ती उतरताना मेंदू एकदम जागा होत नाही. त्या मधल्या अवस्थेत नेहमीचा आवाज किंवा उजेडही पिल्लाला बिथरवतो. ते गळा काढते, मान हलवत राहते, समोर माणूस असून भिंतीकडे पाहून भुंकते. ही वेदना नव्हे, हा गोंधळ आहे, आणि अंधाऱ्या, शांत खोलीत तो काही तासांत विरतो. दोन्हींतला फरक जवळून पाहिले तर कळतो. गोंधळलेले पिल्लू हाक मारली तरी ओळख देत नाही, कुठेही हात लावला तरी सारखेच वागते. दुखणारे पिल्लू तुम्हाला ओळखते, पण टाक्यांजवळ हात नेला की दचकते, मान वळवून तिकडे पाहते, अंग चोरते. याच दिवसांत येणारा हलका खोकला हा बहुधा श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा परिणाम असतो. दोन दिवस शी झाली नाही तरी घाबरायचे कारण नाही, कारण पोट रिकामेच होते.

काळजी खरी सुरू होते ती तापमानापाशी. भुलीमुळे मेंदूतले तापमान-नियंत्रण मंदावते. त्यात पोटावरचे केस काढलेले, कातडी स्पिरिटने पुसलेली, खाली धातूचे टेबल. शरीर जितके लहान तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, म्हणून पिल्लू मोठ्या कुत्र्यापेक्षा लवकर गार पडते. गार पडलेल्या शरीरात यकृत भुलीचे औषध सावकाश निकामी करते, त्यामुळे गुंगी लांबते, आणि गुंगीत हालचाल नसल्याने शरीर आणखी गार पडते. हे चक्र बाहेरून पाहिले तर ‘किती शांत झोपलेय’ असेच दिसते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून जास्त. त्यामुळे आपल्या तळहाताला निरोगी कुत्राही तापलेला वाटतो, आणि गार पडू लागलेले पिल्लू अगदी ‘नॉर्मल’ लागते. नाक ओले की कोरडे यावरूनही काही ठरत नाही. थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून घेतलेले तापमान तेवढे खरे. ते 99 च्या खाली असेल तर ऊब द्यायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. 103 च्या वर गेले तरीही फोन करायचा. ऊब देताना गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवावी. गुंगीतल्या पिल्लाला चटका बसला तरी बाजूला सरकता येत नाही.

अगदी लहान, चार महिन्यांच्या आतल्या किंवा छोट्या जातीच्या पिल्लांत याच शांततेमागे आणखी एक कारण असू शकते. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा बेताचा असतो. मोठ्या कुत्र्याला शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवले तरी चालते, पण लहान पिल्लाला काही तासांहून जास्त उपवास झेपत नाही. रक्तातली साखर उतरते, ते लुळे पडते, थरथरते, झटकेही येऊ शकतात. म्हणून पूर्ण शुद्धीवर आल्यावर, गिळता येते आहे याची खात्री करून, नेहमीच्या जेवणाचा चतुर्थांश भाग द्यावा. दूध मात्र नको. आईचे दूध सुटले की ते पचवणारे विकर कमी होत जाते, आणि मग जुलाब औषधाचे की दुधाचे हे डॉक्टरांनाही कळेनासे होते. पिल्लू एकदम गळून गेले तर दवाखान्याच्या वाटेवर हिरड्यांना मध चोळावा. तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

आता वेदनेकडे येऊ, कारण शांततेचा अर्थ लावताना सर्वांत जास्त चूक इथेच होते. ज्याला बोलता येत नाही त्याला दुखतही नसावे, असे मानण्याची चूक माणसाने स्वतःच्या बाळांच्या बाबतीतही केली आहे. 1980 च्या दशकापर्यंत अकाली जन्मलेल्या बाळांवर कित्येकदा पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत. मूळचे भारतीय असलेले डॉक्टर कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेले आणि 1987 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले काम या समजुतीच्या मुळावर आले. फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरके कमी उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. वेदना थांबवणे हे निव्वळ लाड करणे नसून उपचाराचाच भाग आहे, हे त्यातून दिसले. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा बोलून सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे माणसाबरोबर प्राण्यांचाही उल्लेख करून नमूद केले.

बोलता येत नसेल तर मोजायचे कसे? ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्र्यांसाठी एक मोजपट्टी तयार केली आणि 2007 मध्ये तिचे आटोपशीर रूप प्रसिद्ध केले. तिच्यात सहा बाबी पाहतात: आवाज, जखमेकडे लक्ष, चालणे, जखमेभोवती हलके दाबल्यावरची प्रतिक्रिया, मनःस्थिती आणि बसण्या-उठण्याची ढब. एकूण गुण 24. सहा किंवा त्याहून जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. सहांपैकी आवाज ही फक्त एक बाब आहे, हे इथे महत्त्वाचे. एकदाही न विव्हळणारे पिल्लू बाकीच्या पाच बाबींवर ही मर्यादा आरामात ओलांडू शकते. पाठ कमानीसारखी वर काढून उभे राहणे, आडवे होण्याऐवजी बसल्या बसल्या पेंगणे, हाक मारल्यावर शेपूट न हलणे, ही सगळी गप्प राहून सांगितलेली दुखणी आहेत.

यावर एक आक्षेप पूर्वी खुद्द पशुवैद्यच घेत. थोडे दुखू द्यावे, म्हणजे जनावर फार हलणार नाही आणि टाके शाबूत राहतील, असा तो युक्तिवाद. त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. जखम वरून मिटलेली दिसली तरी पहिल्या आठवड्यात तिची ताकद मूळ त्वचेच्या काही टक्केच असते, तीन आठवड्यांनीही जेमतेम पाव ते तृतीयांश. तेव्हा दहा ते चौदा दिवस उड्या, जिने आणि सोफा बंद हे बरोबरच. पण त्यासाठी वेदना हे साधन कुचकामी आहे. दुखणारे पिल्लू नेमके त्या जागेला चाटते, अस्वस्थ होऊन सारखी जागा बदलते, नीट झोपत नाही, खात नाही. हालचाल थांबवायला पिंजरा, छोटी खोली किंवा पट्टा पुरतो.

मग घरातलीच गोळी का नको? इथे मायेपोटी सर्वांत मोठे नुकसान होते. आपल्या औषधाच्या डब्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी हमखास असते. ‘लहान मुलाला अर्धी देतो, याला पाव देऊ’ हा हिशेब सहज सुचतो. पण प्राणिजाती बदलली की औषध फक्त वजनाच्या प्रमाणात बदलत नाही. नॅप्रोक्सेन हे असेच एक वेदनाशामक माणसाच्या शरीरात निम्मे व्हायला 12 ते 17 तास लागतात, कुत्र्यात सुमारे 74. दुसरी मात्रा पडते तेव्हा पहिली जवळजवळ तशीच शिल्लक असते. पुढे जठरात व्रण, रक्ताची उलटी, मूत्रपिंड निकामी. आयब्युप्रोफेनचाही रोख जठर आणि मूत्रपिंडांवरच असतो. डायक्लोफेनॅकचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर घडले. गाईगुरांना चालणारे हे औषध त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि भारतातली गिधाडे जवळपास संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय ठरलेले मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात, पण किती? पहिल्या दिवसानंतर किलोमागे 0.1 मिलिग्राम. पाच किलोच्या पिल्लाला दिवसाकाठी अर्धा मिलिग्राम. माणसाची 15 मिलिग्रामची गोळी म्हणजे त्याची तीसपट मात्रा. गोळीचे चार तुकडे करूनही हे गणित सुटत नाही.

दुखण्यापलीकडचा, दुर्मीळ पण सर्वांत गंभीर धोका म्हणजे आतला रक्तस्राव. मादीच्या शस्त्रक्रियेत अंडाशयाच्या देठातली रक्तवाहिनी दोऱ्याने बांधतात. ती गाठ सैल झाली तर रक्त पोटात साचते, टाक्यांवर एक थेंबही दिसत नाही. हे पिल्लूही शांतच असते, हळूहळू जास्त शांत होत जाते. वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरची हिरडी पाहावी. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परततो. हिरडी मुळातच फिकट असेल, श्वास भरभर चालला असेल, पोट फुगत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. ज्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. नरांत अंडकोषाच्या जागी पहिले दोन-तीन दिवस सूज आणि काळे-निळेपण येते. ते वाढतच गेले तर दाखवावे.

जखमेबाबत दोन समजुती पक्क्या आहेत, आणि दोन्ही निराधार नाहीत. पहिली, कुत्र्याची लाळ जखम भरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट यांनी 1990 मध्ये दाखवले, की कुत्र्याच्या लाळेने काही ठरावीक जिवाणू खरोखर मरतात. पण त्याच तोंडात पाश्चुरेलासारखे दुसरे जिवाणू सुखाने नांदतात, आणि खरखरीत जीभ टाके उसवते. मोकळ्या रानात लागलेल्या मळक्या जखमेला जे उपयोगी पडले असेल, ते निर्जंतुक करून शिवलेल्या जखमेला घातकच. म्हणून जखम चाटता येऊ नये यासाठी गळ्यात घातलेला फनेल, पिल्लू कितीही केविलवाणे दिसले तरी, काढायचा नाही. दुसरी समजूत हळदीची. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये दिलेले पेटंट सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, हे ज्ञान जुनेच आहे असे पुराव्यानिशी दाखवून 1997 मध्ये रद्द करायला लावले, याचा अभिमान रास्तच आहे. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते, टाक्यांत ती बाहेरचा कण म्हणून अडकते, पिल्लाला चाटायला आमंत्रण देते आणि लाली वाढली की कमी झाली हे पाहायची सोयच घालवते. पहिले दोन-तीन दिवस कडा किंचित लाल आणि सुजलेल्या असणे हे भरून येण्याचेच लक्षण. तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढली, दुर्गंधी किंवा पू आला, तर ते संसर्गाचे.

‘रस्त्यावरची कुत्री कुठे हे सगळे करतात? तीही बरी होतातच की!’ हा आक्षेप हमखास येतो. तो घेणाऱ्याला फक्त बरी झालेली कुत्री दिसतात. जी दगावली ती कोपऱ्यात, गप्पपणे दगावली. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: इतका धोका असेल तर शस्त्रक्रियाच कशाला? स्वीडनमधल्या विमा-नोंदींवरून दिसते, की नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी साधारण चौथाई दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याच्या जीवघेण्या आजाराला तोंड देतात. त्या आजारी, वयस्क कुत्रीवर करावी लागणारी तातडीची शस्त्रक्रिया तरुण, निरोगी पिल्लाच्या नसबंदीपेक्षा कितीतरी अवघड. मोठ्या जातींत मात्र घाई करू नये. याच हार्ट यांच्या गटाने 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीचा सांध्यांच्या विकारांशी संबंध दाखवला. तेव्हा प्रश्न शस्त्रक्रिया कधी करायची हा आहे, आणि नंतरचे दोन दिवस कुणी, कसे लक्ष ठेवायचे हा आहे.

दवाखान्यातून निघताना म्हणूनच चार गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात: पिल्लाचे त्या दिवशीचे वजन, कोणते वेदनाशामक किती वाजता दिले, पुढची मात्रा किती आणि केव्हा, आणि रात्री फोन कुणाला करायचा. त्याच कागदाच्या मागे पहिले 48 तास दर चार-सहा तासांनी हिरडीचा रंग, तापमान, श्वास, खाणे आणि लघवी यांची नोंद करावी. रात्री दोन वाजता फोन केला, तर ‘पिल्लू गप्प आहे’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येणार नाही. या नोंदींवरून येईल.