अंगावरचे दूध ‘पुरत नाही’ तेव्हा

गेल्या पावसाळ्यात सेनगाव तालुक्यातील एका खेड्यातून एक बाळंतीण दवाखान्यात आली. माहेरचे पहिले बाळंतपण, वय वीस-एकवीस, बाळ वीस दिवसांचे. जन्मताना बाळाचे वजन पावणेतीन किलो होते. आता काट्यावर ठेवले तर दोन किलो सहाशे ग्रॅम भरले. बरोबर तिची आई होती. तिने पिशवीतून दुधाची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पोरीच्या अंगावर दूधच न्हाई. म्हशीचं दूध पाणी घालून देतो, तर ते बी पचंना. दोन दिवस झाले पातळ हागतंय.”

मुलगी मान खाली घालून बसली होती. आपल्यात काहीतरी कमी आहे, असे तिला वीस दिवस घरात ऐकावे लागले असणार.

“मावशी, पहिलं दूध कधी पाजलं?”

“तिसऱ्या दिवशी. तवर गुळाचं पाणी दिलं, मध चाटवला. पहिलं पिवळं दूध पिळून टाकलं. जड असतं ते.”

“घरी गाय व्याली तर वासराला चीक पाजता का?”

“पाजावाच लागतो. न्हाई तर वासरू तग धरंना.”

एवढे बोलून मावशी थांबल्या आणि नातवाकडे पाहू लागल्या. मला पुढे काही सांगावे लागले नाही.

आपल्या जिल्ह्यात चीक आणि खरवस माहीत नसलेले घर सापडणार नाही. वासराला पुरून उरलेल्या चिकाचाच खरवस करायचा, हेही सर्वांना ठाऊक असते. आईच्या स्तनातून पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे बाळाचा चीकच होय. त्यात रोगजंतूंशी लढणारी द्रव्ये भरपूर असतात, म्हणून ते बाळाचे पहिले लसीकरणच समजावे. शिवाय त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. ते थोडेच येते आणि थोडेच लागते. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला चमचाभर दूध घेते, कारण त्याच्या पोटात मावतेच तेवढे. ही चमचाभराची गोष्ट माहीत नसल्याने घरातली मंडळी स्तन दाबून पाहतात, धार लागत नाही म्हणून “दूध उतरलं नाही” असे ठरवतात आणि गुळाचे पाणी, मध किंवा डब्याची पावडर यांची तयारी सुरू होते. मधातून तर लहान बाळाला क्वचित पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. एक वर्षाच्या आत मधाचे बोटसुद्धा चाटवू नये.

जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळ आईच्या छातीशी लागले पाहिजे. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, तेव्हा हे आपोआप होत असेल असे वाटेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. देशात शेकडा ८८.६ बाळंतपणे दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेल्या बालकांचे प्रमाण शेकडा ४१.८ एवढेच होते. दवाखान्यात आल्यानंतरही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास वाया जातो. हा दोष नुसता आज्यांचा म्हणता येणार नाही. सिझेरियन झाले की बाळ एका खोलीत आणि आई दुसऱ्या खोलीत, ही आमची सोय असते. सिझेरियन झालेली आईसुद्धा कुशीवर वळून किंवा कोणीतरी आधार दिला तर पाजू शकते. आणि व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही नातेवाइकांच्या आग्रहाला कंटाळून चिठ्ठीवर पावडरचा डबा लिहून दिलेला आहे. त्याची लाज आज वाटते.

आता ‘पुरत नाही’ या तक्रारीकडे वळू. माझ्याकडे येणाऱ्या दहा मातांपैकी आठ-नऊ जणींची हीच तक्रार असते, आणि खरोखर दूध न येणारी माता फार क्वचित आढळते. दूध तयार होण्याची रीत कयाधूच्या कोरड्या पात्रातल्या झिऱ्यासारखी आहे. वाळू उकरून ओंजळ-ओंजळ पाणी काढत राहावे तसतसे ते पाझरत राहते. काढणे थांबवले की झिरा बुजतो. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते. वरच्या दुधाची एक बाटली पाजली की बाळाचे पोट भरते, ते अंगावर कमी ओढते, दूध कमी तयार होते, आणि दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या लागतात. आठ दिवसांत “हिला दूधच नाही” हे खरे ठरते. ते आपणच खरे करतो.

दुसरी गोष्ट पान्ह्याची. दूध तयार होणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे. वासरू समोर आले, त्याने ढुसण्या दिल्या की गाय पान्हावते. वासरू मेले तर जुने लोक त्याच्या कातड्यात कडबा भरून गाईपुढे उभे करीत, हे वयस्कर वाचकांनी पाहिले असेल. माणसातही तसेच आहे. बाळाचा स्पर्श, वास, आवाज यांनी मेंदूतून एक रस सुटतो आणि दूध बाहेर येते. भीती, दुखणे, भांडण, टोमणे यांनी तो अडतो. बाळंतिणीच्या उशाशी बसून “शेजारच्या सुनेला बघ किती दूध आहे” असे म्हणणाऱ्या बाया तिचा पान्हा आटवत असतात. तिला स्वस्थ झोप मिळू द्यावी, बाळ तिच्या कुशीजवळच ठेवावे. रात्री पाजणे चुकवू नये. दूध वाढवणारा रस रात्री जास्त पाझरतो.

त्या मुलीला मी माझ्यासमोरच पाजायला सांगितले. नर्सबाईंनी पडदा लावून पाहिले, तेव्हा खरे कारण कळले. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी होती. बोंडी ओढून दूध येत नाही, बोंडीला चिरा मात्र पडतात. मग आई दुखण्याने दचकते आणि पाजणे टाळते. बाळाला असे धरावे की त्याचे पोट आईच्या पोटाला टेकेल, डोके आणि अंग एका रेषेत राहील, मान वळलेली नसेल. आईने वाकून बाळाकडे जाऊ नये, बाळाला वर आपल्याकडे आणावे. बोंडी त्याच्या ओठांना लावली की ते मोठा ‘आ’ करते. त्या क्षणी बोंडीभोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा तोंडात जाईल असे जवळ घ्यावे. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गिळण्याचा आवाज येत असेल तर बरोबर लागले असे समजावे. दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे. चार-पाच वेळा चुकेल, पण दोन दिवसांत जमते. चिरा पडल्या असतील तर पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध बोंडीला लावून वाळू द्यावे. साबण लावू नये.

घड्याळ लावून पाजण्याची गरज नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळ मागते, संध्याकाळी तर तासातासाला मागते. त्याचा अर्थ दूध संपले असा नसतो. प्रत्येक रडणे भुकेचे नसते. ओले झाले, उकडले, कडेवर हवे असले तरी बाळ रडते. एका बाजूचे पूर्ण पिऊ द्यावे, मगच दुसरी बाजू द्यावी. शेवटी येणारे दूध स्निग्ध असते, त्याने बाळ बाळसे धरते.

दूध पुरते की नाही हे कसे ओळखावे? पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा भरपूर लघवी करीत असेल तर दूध पुरते आहे. मात्र ही खूण फक्त अंगावर पिणाऱ्या बाळालाच लागू आहे, कारण वरचे पाणी पाजल्यावर लघवी होणारच. दुसरी खूण वजनाची. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते, त्याला घाबरू नये. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर येते आणि पुढे महिन्याला अर्धा किलोहून अधिक वाढते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे पाणी. पारा बेचाळीसवर गेला की आजीचा जीव राहवत नाही. पण आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही लागत नाही. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे, ती सोडावी. तिच्या ताटात भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, खात असेल तर अंडे, सगळे असावे. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू जरूर द्या, पण पालेभाज्या बंद करून नव्हे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. जाता जाता सांगतो, मिश्री लावणाऱ्या बायांनी ती सोडावी. तंबाखूचे विष दुधातून बाळाला जाते.

आज्या म्हणतात, “आम्हाला तर डॉक्टरांनीच चौथ्या महिन्यापासून वरचं चालू करा म्हणून सांगितलं होतं.” त्या खोटे बोलत नाहीत. त्या काळी चार ते सहा महिने असा सल्ला होता. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण सहा महिने फक्त आईचे दूध असे ठरवले. त्यानंतर मऊ खिचडी, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी सुरू करावी आणि दोन वर्षे व पुढेही अंगावर पाजत राहावे.

बाटलीविरुद्धच्या लढ्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली मानली जाते. डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पाठोपाठ १९९२ चा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. त्यामुळे बाळाच्या पावडरची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही.

शेतावर जाणाऱ्या बायांचा प्रश्न मात्र कायद्याने सुटलेला नाही. सोयाबीनची पेरणी, हळदीची काढणी, ऊसतोड यांना बाळंतपणाची रजा नसते. दीड-दोन महिन्यांत बाई कामावर जाते. अशा वेळी हात स्वच्छ धुऊन उकळलेल्या वाटीत दूध पिळून झाकून ठेवावे. सावलीत, थंड जागी चार तास ते चांगले राहते. तापवू नये. घरी असलेल्या आजीने ते वाटी-चमच्याने किंवा जुन्या काळच्या बोंडल्याने पाजावे. बोंडले उघडे असते, घासता येते. बाटलीचे रबर कितीही धुतले तरी आत घाण राहते, आणि बाटलीची सवय लागलेले बाळ अंगावर नीट ओढत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे होतात, तेव्हा आधी कोमट शेक, थोडे दूध पिळणे, मग पाजणे, नंतर थंड पाण्याची घडी. आईला सर्दी, साधा ताप, जुलाब असले तरी पाजावे. लाल, दुखरी गाठ येऊन थंडी-ताप आला तर औषध लागते, पण पाजणे त्याही वेळी बंद करायचे नाही. एच.आय.व्ही. असलेल्या मातेने औषध चुकवू नये आणि पाजण्याबाबत सरकारी केंद्राच्या डॉक्टरांना विचारावे.

बाळ ओढेनासे झाले, सुस्त किंवा अंगाला थंड लागले, ताप आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले, दिवसभर लघवी झाली नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

त्या बाळात यांपैकी काही नव्हते. जुलाब होते, पण बाळ टवटवीत होते, म्हणून घरीच उपचार जमले. वरचे दूध एकदम तोडले नाही. बाटली बंद केली, पाणी घालणे बंद केले, वाटी-चमच्याने पाजत रोज थोडे कमी केले. आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, नंतर पिळलेले दूध, आणि अगदी शेवटी वरचे. एक दिवसाआड वजन केले. पहिल्या तीन दिवसांत काटा जवळजवळ हलला नाही, मुलगी रडली, मावशींनी पुन्हा म्हशीचा विषय काढला. आठव्या दिवशी दोनशे ग्रॅम वाढले. दीड महिन्याच्या लसीला आले तेव्हा बाळ तीन किलो सातशे होते आणि मावशींच्या पिशवीत बाटली नव्हती.